शुक्राचं रडार आणि सहीचा प्रश्न

(सोलापुरात शुक्रवार पेठेत झालेल्या महिला गटांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या बैठकीत आपण रेशन कार्डावर बोललो, त्याआधी विडी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीवर. आज फळ्यावर विषय लिहिलाय 'दुसऱ्या ग्रहावर जाणारं रडार : ते तयार करून घेण्याचं काम'. तो वाचून दोघी-तिघी हसल्या. हसा. पण हा विषय मी आकाशातून आणलेला नाही. आपल्याच अभ्यासिकेतल्या मुलींनी तो माझ्या गळ्यात घातला. चांद्रयानावर बोलणं चाललं होतं. चांद्रयान-२ ची प्रकल्प संचालक एक बाई होती, असं मी सांगितलं. त्यावर दहावीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, यंत्र शास्त्रज्ञ बनवतात, सुटे भाग कारखान्यात होतात, वर न्यायला रॉकेट असतं. मग ही बाई नक्की करते काय? नुसत्या सह्या?"

ते 'नुसत्या सह्या' माझ्या डोक्यात राहिलं. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई, विज्ञानाची नव्हे. पण प्रकल्प म्हणजे काय, अंदाजपत्रक म्हणजे काय, आणि वरून पैसे कापले गेले की खाली कोण घाम गाळतं, हे मला रोजच्या कामातून कळतं. म्हणून मी मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आपण बसलोय शुक्रवार पेठेत, तेव्हा शुक्रापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे शुक्र पुरुष. असुरांचा गुरू. त्याचा अस्त झाला की लग्नाचे मुहूर्त थांबतात. आणि तरीही पहाटे अंगणात उभी राहिलेली बाई 'शुक्राची चांदणी' म्हणते, तिथे तो बाई होऊन जातो! पाश्चात्त्यांकडे तर तो ग्रह म्हणजे व्हीनस, देवीच. म्हणून आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने नियम केला, की शुक्रावरच्या डोंगर-दऱ्यांना, विवरांना बायकांचीच नावं द्यायची. डोंगर-पठारांना देव्यांची, मोठ्या विवरांना नावाजलेल्या स्त्रियांची, लहान विवरांना जगभरातली साधी मुलींची नावं.

त्या नकाशावर आपल्या तिघीजणी आहेत. एका विवराचं नाव 'जोशी', म्हणजे आपली डॉ. आनंदीबाई. ते विवर तीस किलोमीटरहून अधिक रुंद आहे. सोलापुराहून निघून मोहोळपर्यंत जाल, साधारण तेवढं. दुसऱ्याचं नाव 'मेधावी', म्हणजे पंडिता रमाबाई. (आपण तिला पंडिता म्हणतो, नकाशावर मात्र नवऱ्याचं आडनाव. माहेरची ती डोंगरे. अर्थात रमाबाई स्वतःही डोंगरे आणि मेधावी दोन्ही लावत असे.) तिसरं 'झिराड', म्हणजे डॉ. जेरुशा झिराड. बेने इस्रायली समाजातली ही डॉक्टर मुंबईच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख होती.

या नियमाला एक गमतीचा अपवाद आहे. मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाचं नाव नियमाच्या आधीच पडून गेलं होतं, ते तसंच राहू दिलं. म्हणजे सगळ्या ग्रहावर पुरुष एकच, आणि तो नेमका सर्वांत उंच पर्वतावर! त्याच्या पायथ्याला जे मोठं पठार आहे त्याचं नाव लक्ष्मी. तिथेही तिला जागा पायाशीच मिळाली. पुढे चला.

आता ही विवरं, हे पठार, यातलं काहीही दुर्बिणीतून दिसत नाही. शुक्रावर ढग आहेत, ते आपल्यासारखे पाण्याचे नाहीत, गंधकाच्या तेजाबाचे. ते कधी उघडत नाहीत. जमिनीवर तापमान ४६० अंशांच्या पुढे, हवेचा दाब आपल्या नव्वद पट. जी यानं खाली उतरली ती फार तर तास-दोन तास टिकली. या ढगाच्या पडद्यातून आरपार जातं ते रडार. रडार म्हणजे काय, तर आडात वाकून हाक मारायची आणि ती परत यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खोल ते ताडायचं. फक्त इथे हाकेच्या जागी रेडिओ लहर असते. एका जागी उभं राहून एकच हाक मारली तर अंदाज ढोबळ येतो. पण बांधावरून चालत जात पावलापावलाला हाक मारली, प्रत्येक हाकेचं उत्तर जपून ठेवलं आणि घरी येऊन सगळी उत्तरं एकत्र मांडली, तर जमिनीचा उंचसखलपणा बारकाईने कळतो. यान असंच चालता चालता हाका मारतं. अँटेना असतो लहान, पण सगळ्या हाका मिळवल्या की काम होतं प्रचंड अँटेनाचं. त्याला ढगाचं काही नाही, अंधाराचंही काही नाही, कारण आपला उजेड ते आपल्याबरोबरच नेतं.

अमेरिकेच्या नासा संस्थेने असं रडार घेऊन जाणारं यान ४ मे १९८९ रोजी सोडलं. त्याचं नाव मॅगेलन. अटलांटिस शटलमधून ते वर गेलं आणि त्या शटलमधल्या पाच अंतराळवीरांत मेरी क्लीव्ह ही बाई होती. ऑगस्ट १९९० मध्ये ते शुक्रापाशी पोचलं आणि पुढच्या चार वर्षांत त्याने ९८ टक्के शुक्राचा नकाशा केला. एवढं कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

हे यान मुळात वेगळं व्हायचं होतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आखलेली योजना मोठी होती. चांगली गोल कक्षा, रडारबरोबर इतर उपकरणं. १९८२ साली खर्च जास्त म्हणून ती रद्द झाली. सगळी जुळवाजुळव, वर्षांची मेहनत, एका अर्थसंकल्पात बाद. आपल्यापैकी ज्यांनी अनुदान बंद झाल्याचं पत्र हातात घेतलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर जी माणसं उरली त्यांनी योजना पुन्हा मांडली आणि विचारलं, की यातलं काय सोडलं तर बाकीचं वाचेल? त्यांनी इतर उपकरणं सोडली, पण रडार सोडलं नाही. मग अडगळीच्या खोलीत शिरावं तसं त्यांनी जुन्या मोहिमांतून उरलेलं सामान शोधलं. व्हॉयेजरचा जादा राहिलेला मोठा अँटेना, पावणेचार मीटर रुंद ताटलीसारखा. गॅलिलिओ यानासाठी केलेल्या संगणकांतले शिल्लक संच. आणखी एका अँटेनाचं मूळ तर थेट मरिनर-९ मध्ये, जे १९७१ साली मंगळाकडे गेलं होतं. आजीच्या लुगड्याचे, आईच्या परकराचे तुकडे जोडून वाकळ शिवावी, तसं ते यान उभं राहिलं. रडार केलं ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीने, यान जोडलं मार्टिन मॅरिएटा कंपनीने, मोहीम चालवली कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने आणि रडारचे प्रमुख शास्त्रज्ञ होते बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठात. चौघांची चार गावं. त्यांच्यात कोणाला किती वजन, किती वीज, किती दिवस मिळणार, हे कुणीतरी रोज ठरवत होतं. एकाचा भाग अर्धा किलोने वाढला की दुसऱ्याच्या भागातून अर्धा किलो काढायचा. आपल्या बचत गटाच्या वहीत जशी जमा-नावे टाकतो, तशी वजनाची वही, विजेची वही, वेळेची वही. या वह्यांचा मेळ लावणं हे त्या 'नुसत्या सह्या' करणाऱ्या माणसाचं काम.

आता नीट ऐका. आजच्या विषयाचं मर्म मला इथे सापडलं.

पैसे वाचवायचे म्हणून गोल कक्षा सोडली आणि लांबट कक्षा घेतली. लांबट कक्षेला इंधन कमी लागतं, ते स्वस्त पडतं. पण यान कधी ग्रहाच्या जवळ, तीनशे किलोमीटरच्या आत, तर नकाशाच्या पट्ट्याच्या टोकाला दोन हजार किलोमीटरच्या वर. उंची सतत बदलणार, म्हणजे हाक कधी मारायची आणि उत्तर कधी ऐकायचं हेही सतत बदलणार. रडारला नेमके हुकूम पुन्हा पुन्हा नव्याने द्यावे लागणार. तसंच मोठा अँटेना एकच. त्यानेच शुक्राकडे पाहायचं आणि त्यानेच पृथ्वीला माहिती पाठवायची. म्हणून सव्वातीन तासांच्या प्रत्येक फेरीत सुमारे ३७ मिनिटं यान शुक्राकडे तोंड करून पट्टा टिपायचं, मग पूर्ण वळायचं, पृथ्वीकडे तोंड करायचं आणि टेपवर साठवलेलं पाठवायचं. पुन्हा वळायचं. वर्षानुवर्षं, एकेका दिवसात सात-सात फेऱ्या. एका फेरीत मिळायची वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीची एक लांबच लांब पट्टी. शेवयांसारख्या त्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून नकाशा झाला.

म्हणजे काय झालं? कागदावर जो खर्च वाचला तो नाहीसा झाला नाही. तो कुणाच्या तरी अंगावर श्रम होऊन पडला. हुकूम लिहिणाऱ्यांवर, रात्रपाळी करणाऱ्यांवर पडला. यान कक्षेत पोचल्यावर पंधरा दिवसांच्या आत दोनदा त्याचा संपर्क तुटला, तास न् तास आवाज नाही. तेव्हा जागून तो परत मिळवणाऱ्यांवर पडला. त्यांना पगार होता, ते तज्ज्ञ होते, हा भार त्यांना आधी सांगितलेला होता आणि त्यांनी तो मोजून घेतला होता. म्हणून ते यान यशस्वी झालं असं मला वाटतं.

आता इथे खाली या. विडीचा कारखानदार हजार विड्यांसाठी पान मोजून देतो. पान फाटकं निघतं, कमी पडतं. तपासायला बसलेला माणूस विड्या बाद करतो. हजार तर पुऱ्या करून द्यायच्या असतात. मग बाई पदरच्या पैशाने पान विकत घेते आणि भरणा पुरा करते. कारखानदाराच्या वहीत बचत दिसते. ती बचत कुणाच्या अंगावर पडली हे वहीत दिसत नाही. रेशनवरचं धान्य कमी झालं, सरकारी दवाखान्यात औषध संपलं, अंगणवाडी सेविकेला आणखी एक सर्वेक्षण दिलं, तेव्हाही हेच होतं. वरती बचत, खाली बाईचे हात. फरक एवढाच, की तिथे भार कुणावर टाकायचा हे ठरवणाऱ्याला खाली सही करावी लागली. ही सही म्हणजे 'हे ओझं कुणावर जाणार ते मला ठाऊक आहे आणि ते मी मान्य केलंय' असा कबुलीजबाब. इथे ती सही कुणाचीच नसते.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं, सह्या 'नुसत्या' नसतात गं.

मग पुढचा प्रश्न येतो : सही कुणाची? मॅगेलनचे प्रकल्प व्यवस्थापक एकामागून एक बदलले, सगळे पुरुष. रडारचे प्रमुख शास्त्रज्ञ गॉर्डन पेटेंगिल, पुरुष. ग्रहावर नावं सगळी बायकांची आणि करारावर सह्या सगळ्या पुरुषांच्या! मला हे वाचून आपली तुळजापूरची यात्रा आठवली. देवी बाई, नवस बोलणाऱ्या बाया, आणि हिशेबाची चावी कुणाकडे, हे आपण सगळ्या जाणतो. आनंदीबाईचंच बघा. १८८६ साली फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात ती वारली, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. नेमणूक मिळाली, पण प्रमुखाच्या खुर्चीत बसून एकही सही करणं झालं नाही. आकाशात नाव मात्र मिळालं. मला आकाशातल्या नावाचं वाईट वाटत नाही, पण खुर्चीची बरोबरी त्याने होत नाही.

मॅगेलनच्या वेळी तिथे बाया नव्हत्याच, असं मात्र नाही. एलन स्टोफन त्या मोहिमेची उपप्रकल्प शास्त्रज्ञ झाली आणि २०१३ मध्ये नासाची मुख्य शास्त्रज्ञ. सू स्म्रेकर नव्वदच्या दशकात मॅगेलनने पाठवलेल्या माहितीवर काम करत होती. जून २०२१ मध्ये नासाने शुक्राकडे पुन्हा रडार पाठवायचं ठरवलं. या मोहिमेचं नाव व्हेरिटास, आणि तिची प्रमुख सू स्म्रेकर. माहिती वाचणारी बाई योजना आखणारी व्हायला तीस वर्षं लागली.

आणि मग काय झालं तेही सांगते, कारण ते आपल्या ओळखीचं आहे. त्याच प्रयोगशाळेत सायकी नावाची दुसरी मोहीम वेळेत तयार झाली नाही. २०२२ मध्ये चौकशी समिती बसली. तिने सांगितलं की प्रयोगशाळेत कामं फार आणि अनुभवी माणसं कमी पडतायत. उपाय काय केला? व्हेरिटास निदान तीन वर्षं पुढे ढकलली. गडबड एकीत, थांबवली दुसरी. तिच्या वाट्याचा पैसा जवळपास सगळा काढून घेतला, अभियंते इतरत्र नेमले. तरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये स्म्रेकरचा गट आइसलँडच्या लाव्हाच्या माळावर गेला, जर्मन अंतराळ संस्थेचं रडार बसवलेलं विमान वरून फिरवलं, खाली हाताने दगड मोजले. यान नाही तर नाही, रडारचं उत्तर वाचायची तयारी तरी चालू ठेवू, म्हणून. आपलं समुपदेशन केंद्र अनुदान थांबल्यावर मंदिराच्या ओवरीत चालवलं होतं, त्यातल्याच या बाया.

त्याच वर्षी, २०२३ च्या मार्चमध्ये, मॅगेलनच्या जुन्या पट्ट्यांतून एक नवी गोष्ट हाती आली. रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली यांनी १९९१ सालातली दोन चित्रं शेजारी ठेवून पाहिली, एक फेब्रुवारीतलं, एक ऑक्टोबरमधलं. मात मॉन्स हा तिथला मोठा ज्वालामुखी, इजिप्तच्या सत्याच्या देवीच्या नावाचा. त्याच्या अंगावरच्या एका मुखाचा आकार आठ महिन्यांत बदललेला दिसला. म्हणजे शुक्र आतून अजून धगधगतोय. ती चित्रं बत्तीस वर्षं तिथेच होती. उरल्यासुरल्या सामानाच्या वाकळीतून ती निघाली.

आता आपल्या देशात येऊ. इथली गोष्ट काही बाबतीत पुढची आहे, आणि ते मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. २६ एप्रिल २०१२ ला रिसॅट-१ हा उपग्रह गेला. देशात तयार झालेलं रडार घेऊन जाणारा तो पहिला. पावसाळ्यात ढगांखालचं भातशेत आणि पुराचं पाणी पाहण्यासाठी. वजन १८५८ किलो. प्रकल्प संचालक एन. वलरमती.   त्यानंतर २२ जुलै २०१९ ला चांद्रयान-२. प्रकल्प संचालक एम. वनिता, मोहीम संचालक रितू करिधल. त्या यानावर चंद्राभोवती फिरणारं रडार होतं, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झालेलं. दोन लांबींच्या लहरी वापरणारं, एक चोवीस सेंटिमीटरच्या आसपासची आणि दुसरी तिच्या निम्मी. लांब लहर मातीत खोलवर जाते. चंद्राच्या ध्रुवांपाशी काही विवरांच्या तळाला कधीच ऊन पोचत नाही, तिथे बर्फ आहे का हे शोधायचं. शुक्रावर ढग, चंद्रावर अंधार, पण यंत्राची जात एकच.

वनिता मूळची इलेक्ट्रॉनिक्सची. प्रयोगशाळेत बसून यंत्रातला दोष शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, असं तिच्याबद्दल वरिष्ठ सांगत. ही जबाबदारी घ्यायला ती आधी तयार नव्हती, हेही मयिलस्वामी अण्णादुराईंनी वर्तमानपत्राला सांगितलं होतं. हे वाचून पुष्कळजण म्हणतील, बघा, बाईला आत्मविश्वास नसतो. मला तसं वाटत नाही. अठरा-अठरा तासांच्या दिवसाचं काम समोर असताना घरचं कोण बघणार, हा प्रश्न पुरुषाला कुणी विचारत नाही म्हणून तो चटकन हो म्हणतो. जी हिशेब करून हो म्हणते तिचं हो मला जास्त मोलाचं वाटतं.

त्या मोहिमेचं पहिलं उड्डाण १५ जुलैला होतं. उड्डाणाला ५६ मिनिटं उरली असताना ते थांबवलं. राष्ट्रपती येऊन बसलेले, देश टीव्हीसमोर, आणि तांत्रिक अडचण दिसली म्हणून 'थांबा'. हे म्हणायलाही अधिकार लागतो. आठवड्याने यान गेलं. पुढे सप्टेंबरमध्ये विक्रम उतरताना शेवटच्या टप्प्यात संपर्क तुटला. सगळा देश हळहळला, मीही. पण वर फिरत राहिलेला भाग, आठ उपकरणांसह, शाबूत होता. त्याला वर्षभराचं आयुष्य धरलं होतं, तो त्यापुढे कितीतरी वर्षं चालत राहिला. ६ सप्टेंबर २०२३ ला त्याच रडारने चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ च्या विक्रमचं चित्र काढलं. तरी कुणालाही विचारा, चांद्रयान-२ चं काय झालं? उत्तर येतं, 'पडलं की ते.' जे पडलं त्याची बातमी झाली, जे चालत राहिलं त्याची नाही. ही तऱ्हा आपल्याला नवी आहे का? वीस वर्षं वेळेवर झालेला स्वयंपाक कुणाला दिसत नाही, एक दिवस करपलेली भाकरी दिसते.

पण हे बोलताना मला एका गोष्टीची भीती वाटते, ती स्पष्ट सांगते. अलीकडे भाषणांत एक वाक्य फार ऐकू येतं, 'बाई घर चालवते, म्हणून ती जन्मजात उत्तम व्यवस्थापक.' टाळ्या पडतात. हे वाक्य मला मान्य नाही. घर चालवण्याचं कौतुक करून तिला आणखी एक घर चालवायला देतात, कधी संस्थेचं, कधी गावाचं, आणि सही मात्र दुसऱ्याची. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आणि तरी 'सरपंचपती' हा शब्द मराठीत रुळलाच ना? वनिता प्रकल्प संचालक झाली ती घर नीट चालवत होती म्हणून नव्हे. कार्टोसॅट-१, ओशनसॅट-२ अशा उपग्रहांवर वर्षानुवर्षं काम करून ती तिथे पोचली. शिक्षण, अनुभव, पगार, हुद्दा, या चार गोष्टी.

दुसरी भीती फोटोची. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान पोचलं तेव्हा रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या बाया एकमेकींना टाळी देताहेत, हा फोटो जगभर गेला. 'भारताच्या महिला शास्त्रज्ञ' म्हणून. नंतर इस्रोने सांगितलं की त्या कार्यालयीन कर्मचारी होत्या, शास्त्रज्ञ बायाही त्या मोहिमेत होत्याच. लगेच काहींना तो फोटो खोटा वाटायला लागला. का बरं? खरेदीची बिलं, सुट्ट्या भागांच्या नोंदी, माणसांचे पगार यांच्याशिवाय यान होतं का? मला त्या फोटोतल्या बाया खऱ्याच वाटतात. चूक एवढीच, की त्यांचं काम कुणी विचारलं नाही, गजरा पाहिला.

मी स्वतः एका संस्थेत तीन वर्षं एक प्रकल्प चालवला. नाव सांगत नाही, गरज नाही. गावं मी फिरले, हिशेब मी ठेवले, अहवाल मी लिहिला. छापून आला तेव्हा खाली सही दुसऱ्याची आणि आभाराच्या परिच्छेदात मी, चहावाल्याच्या आधी. तेव्हा मला राग आला तो नाव नव्हतं म्हणून कमी, जास्त वेगळ्या कारणाने. दुसऱ्या वर्षी प्रवासखर्च कापला गेला तेव्हा सही करणाऱ्याला विचारायला हवं होतं, 'सात गावं पायी कोण फिरणार?' सही माझी असती तर तो प्रश्न त्या कागदावरच लिहिला गेला असता.

आता कामाचं. १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने भारताच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. १२३६ कोटी रुपये, उड्डाण मार्च २०२८ मध्ये करायचं ठरलं. त्यावर आपलं रडार असणार आहे. म्हणजे आनंदीबाई, रमाबाई, जेरुशाबाई यांच्या विवरांवरून आपल्या देशाचं रडार जाईल. तारीख मागेपुढे होईल, अशा कामांत ती होतेच, ते आज ऐकलंत. पण त्या कामाला नुसते पीएच.डी. झालेले लागत नाहीत. अहमदाबादच्या केंद्राच्या, इस्रोच्या इतर केंद्रांच्या जाहिराती निघतात, त्यात आयटीआय झालेल्यांसाठी तंत्रज्ञाची पदं असतात, पदविका झालेल्यांसाठी तांत्रिक सहायकाची, हिशेब आणि खरेदी विभागातलीही. आपल्या सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मुली किती, हे जूनमध्ये जाऊन मोजायचं का? दोघींनी ते काम घ्यावं. दहावीच्या निकालानंतर प्रवेशाच्या वेळी तिथे एक टेबल मांडून बसू. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवायला हवेत, नाहीतर त्यातच मुदत जाते. शिष्यवृत्तीचं खातं मुलीच्याच नावाने उघडायचं.

आणि पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपले कागद आणा. बँकेचं पासबुक, ठरावाची वही, पंचायतीला किंवा महापालिकेला दिलेले अर्ज. कुठल्या कागदावर कुणाची सही आहे ते एकेक करून पाहू. आता चहा घ्या, मग मुलींचे प्रश्न घेऊ. रडारबद्दलचे घेईन, लग्नाबद्दलचेही घेईन.